बिऱ्हाड नंबर सातचे मुख्याध्यापक

शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला गर्विष्ठ माणसांचं फारसं काही वाटेनासं होतं. संस्थेचे चेअरमन असतात, चेअरमनचे मेहुणे असतात, शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसातले शिपाई असतात. पण गर्व करायला हाताशी काहीही नसताना त्यात कुणी कुणाला मागं टाकावं, तर ते आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या ऑगस्टीन साळव्यांनी. आज इतक्या वर्षांनी त्यांच्याबद्दल लिहायला बसले तरी पहिल्यांदा कपाळावर आठीच येते. ती आठी तशीच ठेवून लिहिते.

धुळ्याला देवपुरात पांझरेच्या अलीकडे पाटबंधारे खात्याची चाळवजा क्वार्टर्स होती. माझे यजमान त्याच खात्यात, म्हणून आमचं बिऱ्हाड नंबर चार आणि समोर सात नंबरात साळवे. मूळचे नगरकडचे मराठी कॅथलिक. नोकरी ट्रेसरची. म्हणजे इंजिनिअरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि तीच रेघ शाईनं पुन्हा ओढायची. दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढण्यात जन्म गेला, पण बोलणं असं की तापीवरचं धरण यांनीच एका रविवारी मोकळ्या वेळात बांधलं.

शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी. ती त्यांनी कधी काढून ठेवलेली मी पाहिली नाही. भाजीवाल्यानं काकडी दिली की पट्टी, बायकोनं कळण्याची भाकरी थापली की पट्टी, चाळीतल्या पोरानं पतंग केला की पट्टी. "मोजल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. स्वतः मात्र बोलायचे सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि त्यातलं एक अक्षर मोजलेलं नसायचं.

त्यांची चार मुलं आमच्याच हायस्कुलात आणि त्याला लागून असलेल्या प्राथमिक शाळेत होती. थोरली लूसी सहावीत, मग झेवियर, रीटा आणि धाकटा पॉल. मुलं हुशार, नीटनेटकी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक दिवस भामरे सरांनी, आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी, खानदेशचा नकाशा घरून काढून आणायला सांगितला. लूसीनं आणला. तापी, गिरणा, पांझरा, सातपुड्याच्या रांगा, सगळं छापल्यासारखं, अक्षरं तर अशी की सरकारी गॅझेटात घालावीत. भामऱ्यांनी दहापैकी पाच दिले आणि खाली लाल शाईत लिहिलं, "विद्यार्थिनीच्या हातचा नकाशा हवा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साळवे ऑफिसात. हातात गुंडाळी केलेला नकाशा. "ज्या माणसानं पंधरा वर्षं जिल्ह्याच्या नद्या काढल्या, त्याला पाच मार्क?"

भामरे म्हणाले, "भाऊ, मार्क तुम्हाला नाहीत, पोरीला दिलेत."

यावर कोणताही शहाणा माणूस ओशाळून हसला असता. साळव्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की उद्यापासून त्यांची चारही मुलं शाळेत येणार नाहीत, घरीच शिकतील. मी म्हटलं, बरं, मग चौघांचे दाखले तरी घेऊन जा, मी लिहून देते. तर म्हणाले, "तुमच्या कागदाची आम्हाला गरज नाही. कागद खोटं बोलतो. रेघ बोलत नाही."

आमचा शिपाई नाना पाटील दारातच उभा होता. ते गेल्यावर म्हणाला, "बाई, हाऊ बाबा त बठ्ठी शाळाच घरमा लई ग्या."

सगळी शाळाच घरी नेली, म्हणे. मला हसू आलं नाही. माझा संताप झाला, आणि तो का झाला तेही सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझे आजोबा शाळेच्या खिडकीखाली बाहेर मातीत बसून बाराखडी शिकले. आत बसायची परवानगी नव्हती. पाऊस आला की त्यांचा वर्ग सुटायचा, आतल्यांचा चालू राहायचा. आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली माझी मॅट्रिकची सनद लावलेली होती, आणि माझी आई दोन्ही एकाच फडक्यानं पुसायची. साळव्यांच्या आजोबांची गोष्टही काही वेगळी नव्हती. त्यांना गावच्या शाळेनं नाही, मिशनच्या फादरनं आत घेतलं होतं, हे साळवेच अभिमानानं सांगायचे. आणि तोच माणूस, बाकावर जागा असताना, फी माफ असताना, पाच मार्कांसाठी चार पोरं उठवून घरी नेतो. दोन पिढ्यांनी उघडून घेतलेलं दार यानं आतून लावून घेतलं, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

मग सुरू झाली ती शाळा. भिंतीवर ड्रॉइंगच्या शाईत वेळापत्रक. पितळेची घंटा. रबरी शिक्का सुद्धा करून आणला, गोल, मध्ये क्रूस आणि भोवती 'संत जोसेफ गृहशाळा, देवपूर'. मुख्याध्यापक ऑगस्टीन साळवे. आता मुख्याध्यापक साडेदहाला सायकलवर टांग मारून ऑफिसला जाणार ते सहाला येणार. मग शिकवणार कोण? शिकवायची मार्था, त्यांची बायको, सातवी पास. एका हातानं पीठ मळत दुसऱ्या हातानं अपूर्णांक. मी दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला यायचे तेव्हा समोरून ऐकू यायचं, "तीन छेद चार... रीटा, दूध बघ... अधिक एक छेद दोन." जे तिला येत नसे ते ती आदल्या रात्री मुलांच्या पुस्तकात वाचून ठेवी. इंग्रजी मात्र साहेब स्वतः घेत, संध्याकाळी अर्धा तास. बाकीच्यांना ते झेपणार नाही म्हणे.

याच्यावर कडी म्हणजे मार्थाला टाचणवही ठेवावी लागे. आज काय शिकवलं, उद्या काय शिकवणार. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की साळवे खुर्चीत बसून ती वही तपासायचे आणि लाल शाईनं शेरा मारायचे. एकदा मी वाटी परत करायला गेले तेव्हा वही उघडीच होती. 'भूगोल समाधानकारक. गणितात वेग कमी. शुक्रवारी भाजी खारट.' खाली सही आणि शिक्का. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी पुस्तकात वाचला होता, शिक्क्यासकट पहिल्यांदाच पाहिला.

वर्षभर हे कसंबसं चाले, पण खरी धांदल उडायची भाद्रपद लागला की. सप्टेंबरात मारियामातेच्या जन्माचा सण, तेव्हा नव्या धान्याची कणसं चर्चमध्ये न्यायची. ती विकत आणलेली चालत नसत. साळवे चारही मुलांना एस.टी.त घालून एका सहकाऱ्याच्या शेतावर नेत आणि बाजरीची कणसं खुडून घेत, वर त्याला 'कृषी प्रात्यक्षिक' म्हणत. एका वर्षी तर फैजपूरपर्यंत नेलं, केळीची कापणी दाखवायला. मालक बिचारा लोंगर उतरवतोय आणि हे त्याला पट्टी लावून फण्यांमधलं अंतर सांगतायत. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. धुळ्यात तेव्हा कॅथलिक घरं मोजकीच. मारियामातेची मूर्ती रोज एका घरी जाई आणि संध्याकाळी सगळे तिथं जमून जपमाळ म्हणत. घरांचा क्रम साळवे ठरवत आणि त्याचा तक्ता साळवेच काढत. एक नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, दोनला कबरस्तान झाडायचं, मेणबत्त्या लावायच्या, आणि तिथून नाताळच्या गोठ्याची तयारी. आम्ही दसरा-दिवाळीच्या फराळात बुडालेलो असू आणि समोर हे सगळं चाललेलं असे. हे सगळं कोण करी ते सांगायला नको. तक्ता साहेबांचा, पाय मार्थाचे. त्यांच्या देवधर्माबद्दल मला काही म्हणायचं नाही. संध्याकाळी त्या पोरांचा एका सुरातला आवाज यायचा तेव्हा आमचे यजमान रेडिओ बारीक करायचे.

संतांच्या सणाला गच्चीवर कार्यक्रम असे. प्रत्येक मुलानं एकेक संत व्हायचं आणि त्याचं चरित्र सांगायचं. चाळीतल्या सगळ्यांना आमंत्रण. एका वर्षी लूसी संत लूसी झाली. त्या संत बाईच्या तसबिरीत तिच्या हातात तबक असतं आणि तबकात तिचे डोळे. साळव्यांना सगळं जसंच्या तसं हवं. त्यांनी दोन मोठे आवळे सोलून, त्यावर शाईनं बुबुळं काढून तबकात ठेवले. अंगावर पांढरी चादर, हातात ते तबक, आणि पोरगी गंभीरपणे चालत आली. पहिल्याच ओळीत नानाची म्हातारी बहीण अक्का बसलेली. ती किंचाळलीच, "माय वं! ह्या पोरना डोया शेतस का काय?" आणि उठून लूसीला पोटाशी धरलं. आवळे गच्चीभर गडगडले. सगळी चाळ हसून लोळली. साळवे तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "अक्का, बुबुळाचा व्यास मी मोजून घेतलाय."

त्या दिवशी आवळे गोळा करताना लूसी मला हळूच म्हणाली, "मावशी, मला नर्स व्हायचंय. दहावी पाहिजे ना त्याला?"

तेव्हा ती चौदाची होती. मी तिला सांगितलं की घरी शिकणाऱ्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं. आमची शाळाच त्याचं केंद्र आहे. तिनं मान हलवली आणि दोन आवळे माझ्या हातात दिले. पुढच्या वर्षी, पंधरा पुरी झाल्यावर, तिनं आणि मार्थानं मिळून साळव्यांना राजी केलं. राजी म्हणजे ते म्हणाले, "बसू दे. बोर्डाला तरी कळेल, शिक्षण कशाला म्हणतात."

फॉर्म घ्यायची शेवटची तारीख ऑक्टोबरात होती. तिसऱ्या आठवड्यातला शनिवार. महिनाभर मी समोरून बघत होते. आज मूर्ती अमक्याकडं, उद्या तमक्याकडं, तक्ता चुकतो, तो पुन्हा काढायचा, फॉर्म भरायला फुरसत नाही. दोनदा मी मार्थाला आठवण करून दिली. ती म्हणाली, "ते कुणाला हात लावू देत नाहीत. अक्षर बिघडेल म्हणतात."

शनिवारी दुपारी दोनला स्वारी आली. फॉर्म असा भरलेला की फ्रेम करून लावावा. आणि 'पूर्वीच्या शाळेचे नाव' या रकान्यात काय? संत जोसेफ गृहशाळा, देवपूर. मुख्याध्यापकाची सही, ऑगस्टीन साळवे. गोल शिक्का. सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडलेला, तोही घरीच काढलेला, आमच्या दाखल्यापेक्षा दसपट देखणा. वर्तणूक : उत्तम. शाळा सोडण्याचे कारण : अभ्यासक्रम पूर्ण.

नाना पाठ फिरवून कपाटाशी हसत होता. मी म्हटलं, "साळवेभाऊ, हे चालणार नाही. मान्यता असलेल्या शाळेचा दाखला लागतो. लूसी सहावीपर्यंत इथंच होती. तिचा दाखला आमच्याकडेच आहे, तुम्ही नेलाच नव्हता. दोन ओळींचा अर्ज लिहा, मी आत्ता देते."

"मी? या शाळेला अर्ज लिहू?"

"दोनच ओळी."

"बैसाणेबाई, मी गुडघे फक्त देवापुढं टेकतो."

"मग देवाकडूनच आणा दाखला," मी म्हणाले. बोलू नये ते बोलले. ते फॉर्म टेबलावर टाकून निघून गेले. त्या संध्याकाळी मूर्ती त्यांच्याच घरी येणार होती आणि आरास मोजून लावायची होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी मार्था आली. लूसी बरोबर. दोघी धापा टाकत होत्या, मार्थाच्या हातांना अजून मैदा होता. तिनं अर्ज पुढं केला. वहीच्या पानावर, तिच्या अक्षरात, 'माझ्या मुलीचा दाखला मिळावा ही विनंती,' आणि खाली तिची सही. फॉर्म घ्यायची मुदत साडेपाचपर्यंत होती. दाखल्याचं पुस्तक माझ्या मागच्या कपाटात होतं. हेडमास्तर आतल्या खोलीत बसलेले होते. पाच मिनिटांचं काम होतं.

मी म्हणाले, "वडिलांची सही लागते. आईची चालत नाही."

हे खोटं होतं. असा नियम नव्हता. मी स्वतः आयांच्या सह्यांवर कितीतरी दाखले दिले होते. पण दुपारपासून माझं डोकं फिरलेलं होतं. त्या माणसाला अद्दल घडली पाहिजे, त्यानं इथं येऊन, या टेबलापुढं उभं राहून, मागितलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मार्था म्हणाली, "ते येणार नाहीत." मी म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे." लूसी माझ्या मागच्या कपाटाकडं बघत राहिली. त्या जायला निघाल्या तेव्हा नाना म्हणाला, "बाई, पोर हुशार शे. तिना काय गुन्हा शे?" मी त्याला खिडक्या लावून घ्यायला सांगितलं.

लूसीचं वर्ष गेलं. साळव्यांनी घालवलं असं मी महिनाभर सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण अर्धंच खरं होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

संतांच्या सणाचा कार्यक्रम त्या वर्षी झाला नाही. घंटाही वाजेना. नोव्हेंबरच्या मध्याला मार्था एक दिवस दुपारी माझ्याकडं आली, हातात टाचणवही. बस म्हटलं तरी बसली नाही. तिनं वही उघडून माझ्यापुढं धरली. डावीकडं नेहमीसारखं तिचं टाचण, उजवीकडं शेऱ्याचा रकाना, जिथं साळवे लाल शाईनं लिहायचे. त्या रविवारी तिथं मार्थानंच लिहिलं होतं, लाल शाईनंच, 'मुख्याध्यापकांच्या हट्टामुळे विद्यार्थिनीचे वर्ष वाया गेले. काम असमाधानकारक. यापुढे वही तपासायची असल्यास आधी स्वतः चार दिवस शिकवून बघावे.' सही मार्था साळवे. शिक्का सुद्धा मारला होता, किंचित वाकडा.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"वाचलं आणि चार दिवस रजा टाकली. शिकवलं. चौथ्या दिवशी पॉलला अपूर्णांक सांगता सांगता भाकरी जाळली. मग खुर्चीत बसून राहिले." ती पहिल्यांदाच जराशी हसली. मग वही मिटून म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुम्ही फॉर्म घेऊ शकत होता ना?"

मी म्हणाले, "नियम होता."

"बरं," ती म्हणाली. "नसता तर तुमचाही शेरा लिहिणार होते."

ती गेल्यावर मनात आलं, माझ्या आजोबांना खिडकीबाहेर बसवणारा मास्तर सुद्धा नियमच सांगत असणार. मला माझीच लाज वाटली. ती मी मार्थाला कधी बोलून दाखवली नाही, आणि हा माझा कमीपणा मी इथं कबूल करते.

पुढच्या वर्षी फॉर्म सुटले त्याच दिवशी, शाळा उघडायच्या आधी, साळवे ऑफिसच्या व्हरांड्यात रांगेत उभे होते. सतरा नंबरची रांग कशी असते ते बघितलेल्यालाच माहीत. लग्न होऊन शाळा सुटलेल्या पोरी, अमळनेरकडच्या मिलमधले कामगार, दोनदा नापास झालेले, एक पोलीस. त्यांच्यामध्ये हे, इस्त्रीचा शर्ट, खिशात पट्टी. खिडकीशी आले आणि त्यांनी अर्ज पुढं केला. नकाशावरच्या अक्षरात दोन ओळी होत्या, विनंती या शब्दासकट.

तेवढ्यात भामरे सर मस्टरवर सही करायला आले. त्यांना राहवेना. "काय भाऊ, नकाशा आणला का बरोबर?"

मला वाटलं, झालं, आता निघून जातील. साळव्यांचा चेहरा लाल झाला. मग ते म्हणाले, "नकाशा बरोबरच होता, सर. फक्त माझा होता."

असा माणूस. माफी मागतानाही नकाशा बरोबर. मी दाखला लिहिला, हेडमास्तरांची सही आणली, फॉर्म तपासला. साळवे हलेनात. त्यांनी पिशवीतून दुसरा फॉर्म काढला. "हाही बघा." नाव : मार्था ऑगस्टीन साळवे. वय सदतीस. सोबत नगर जिल्ह्यातल्या मिशन शाळेचा सातवीचा दाखला, घड्यांवर फाटलेला, मागून चिकटवलेला.

"तिनं हट्टच धरलाय," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "मी सांगितलं, ऑक्टोबरात घरी इतकी कामं असतात, तू अभ्यास कधी करणार. ऐकेना." जसं काही ती कामं त्यांनाच करायची होती. पण त्या वर्षी मूर्तीचा तक्ता दुसऱ्या कुणीतरी काढला, वेड्यावाकड्या अक्षरात, आणि बाजरीची कणसं बाजारातून आली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मार्चमध्ये मायलेकी एकाच हॉलमध्ये बसल्या. लूसी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली आणि नर्सिंगला गेली. मार्था बाकी सगळ्यात सुटली, इंग्रजीत राहिली. मला वाटलं, आता ही बाई नाद सोडेल. तिनं त्याच आठवड्यात ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. तोवर साळव्यांची बदलीची ऑर्डर आली होती, परत नगरला. पेपरसाठी त्यांनी मुक्काम लांबवून घेतला. मार्थाला पुढं इंग्रजीत किती मार्क पडले ते मला ठाऊक आहे, कारण तिची मार्कशीट मीच रजिस्टर पोस्टानं नगरच्या पत्त्यावर पाठवली. छत्तीस.

पण साळवे मला शेवटचे दिसले ते त्या पेपरच्या दिवशी. ऑक्टोबरचं ऊन धुळ्यात कसं असतं ते काय सांगायचं. गेटबाहेर कडुनिंबाखाली नापास पोरांचे बाप उकिडवे बसलेले, आणि त्यांच्यात साळवे उभे, हातात पाण्याची बाटली. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मोजून व्हरांड्यात आले होते. शिरपूरकडचा एक शेतकरी त्यांना विचारत होता, "भाऊ, तुमना पोऱ्या बसेल शे का परीक्षाले?"

"नाही. आमच्या मुलांच्या बाई बसल्यात."

शेतकऱ्याला काही उमजेना. "बाई? बाई शेतस, आनि नापास?"

"एकाच विषयात," साळवे म्हणाले. ते फाटकातून हॉलच्या खिडक्यांकडं बघत होते. "इंग्रजीत. इंग्रजी मी शिकवत होतो."